बिबट्याचं बारसं

आमच्या सासरी सगळं रीतीनं होई. माणूस जन्मला तर रीतीनं, मेला तर रीतीनं, आणि मधल्या काळात त्यानं काय केलं याची फारशी चौकशी होत नसे. आमची मंडळी मुंबईत इतकी जुनी, की इंग्रज उतरला तेव्हा त्याला बसायला पाट आम्हीच दिला, असं मामंजी, म्हणजे माझे सासरे, येईल त्याला सांगत. पुढे इंग्रज पाटावरून उठून घरभर पसरला आणि आमचे पूर्वज त्याच्या कचेरीत कारकून झाले, एवढा भाग ते गाळत.

घर गिरगावात, फणसवाडीच्या अंगाला. पुढे ओटी, मागे विहीर आणि फरसबंद अंगण. माणसं मोजकीच: मामंजी, सासूबाई, आमचे हे, धाकटे दीर आणि आत्याबाई. मी लग्न होऊन दादरहून या घरात आले त्याला तीन वर्षं होऊन गेली होती आणि माझी कूस उजवली नव्हती. हे वाक्य मी आज सहज लिहिते. तेव्हा ते माझ्याविषयी दुसरंच कोणीतरी रोज बोलत असे. माळ्यावर घराण्याचा शिसवी पाळणा होता. सासूबाई दर दिवाळीला तो खाली काढवत, पुसत, एकदा माझ्याकडे बघत आणि परत वर चढवायला लावत.

बाहेर तेव्हा मुंबई कोणाची यावरून रण पेटलं होतं. भिंती गेरूनं रंगलेल्या, सकाळी प्रभातफेऱ्या, संध्याकाळी सभा, मधूनच हरताळ आणि अश्रुधूर. मामंजी सरकारी पेन्शनर, त्यामुळे त्यांची मतं दोन होती. ओटीवर वाडीतले तरुण आले की मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे, आणि कचेरीतले जुने वरिष्ठ भेटायला आले की शहर वेगळं राहिलेलंच व्यापाराला बरं. दोन्ही मतं ते सारख्याच कळकळीनं मांडत. दुसरं इंग्रजीत मांडत, म्हणून ते ऐकायला जास्त भारदस्त वाटे, इतकंच.

धाकटे दीर शिकारी होते. म्हणजे त्यांच्याकडे बंदूक होती, खाकी कपडे होते आणि शिकारीच्या गोष्टी होत्या. शिकार तेवढी नव्हती. ठाण्यापलीकडच्या रानात मित्रांबरोबर जायचं आणि डास चावून परत यायचं, असा त्यांचा शिरस्ता. त्या वर्षी दसरा झाल्यावर मात्र ते कोटाच्या आत काहीतरी घट्ट धरून परत आले. अंधारात रानडुक्कर समजून त्यांनी झुडपात गोळी झाडली होती, आणि उजाडल्यावर बघतात तो बिबट्याची मादी. जवळच्या कपारीत तिचं पिल्लू. जन्मात एकदा नेम लागला तोही चुकून, आणि ज्याला लागला त्याला लागायला नको होता. पण घरी येईतो त्या चुकीचा पराक्रम झाला होता. त्यांनी कोट उघडून पिल्लू ओटीवर ठेवलं. मांजराएवढंच, निळसर डोळ्यांचं, सबंध अंगावर ठिपके, आणि आवाज करवतीसारखा.

"वाघ आणलाय," दीर म्हणाले.

"बिबट्या आहे तो," मामंजी म्हणाले.

"सध्याच्या दिवसांत वाघच म्हणायचं, बाबा."

घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं, असं माझ्या मनात आलं. वाडीत बातमी पसरायला वेळ लागला नाही. संयुक्त महाराष्ट्राच्या समितीचे कार्यकर्ते धावतच आले. त्यांतल्या एकानं पिल्लाला दोन्ही हातांनी उंच उचललं आणि पुढच्या मोर्च्यात हे सगळ्यांच्या पुढे चालेल, मराठी माणसाचं काळीज कसं असतं ते सरकारला दिसेल, असं जाहीर केलं. त्या काळजानं तिथल्या तिथे त्याच्या खादीच्या सदऱ्यावर मुतून दाखवलं. मोर्च्याचा बेत मग जरा लांबणीवर पडला.

आता याला पाजणार कोण? सगळे पराक्रमी एकेक पाऊल मागे सरले. आत्याबाई तेवढ्या पुढे आल्या.

आत्याबाई ही मामंजींची धाकटी बहीण. परकरात असताना लग्न झालं आणि वर्ष पुरं व्हायच्या आत नवरा देवीच्या रोगानं गेला. सासरच्यांनी पांढऱ्या पायाची म्हणून माहेरी आणून घातली, आणि माहेरच्यांनी ती पदवी जशीच्या तशी कायम केली. मी या घरात आले तेव्हा त्या साठीला टेकल्या होत्या. पापड, लोणची, घरातली आजारपणं, सगळं त्यांच्यावर. लग्न, मुंज, बारसं आलं की मात्र त्यांनी स्वयंपाकघराच्या दाराआड राहायचं. सासूबाई मनानं वाईट नव्हत्या, असं अशा वेळी लिहायची पद्धत आहे. मी लिहिणार नाही. नणंदेचा पायगुण त्या मिठासारखा वापरत, रोज, चवीपुरता. दूध नासलं तरी आधी आत्याबाईंकडे बघत आणि मग पातेल्याकडे.

आत्याबाईंनी दुधात बार्लीचं पाणी घातलं आणि शाईच्या ड्रॉपरनं पिल्लाला पाजायला घेतलं. पहिल्याच दिवशी त्यानं त्यांचा अंगठा फोडला.

"मेल्या, तुझाच घास आहे. पळून का जातोय?" आत्याबाई म्हणाल्या, आणि अंगठ्याला हळद लावून पुन्हा पाजायला बसल्या.

आठ-दहा दिवसांत ते त्यांच्या पदराला लोंबकळून घरभर फिरायला लागलं. दुपारी त्या निवडण-टिपण करत बसल्या की त्यांच्या पावलांवर पोट टेकून झोपायचं. बिबट्याला पायांचा रंग कळत नसावा. वरळीची मासळीवाली आमच्या दारी यायची, ती टोपली उतरवली की आधी एक बोंबील बाजूला काढी. "घे गो बाय, तुज्या वाघाला," म्हणे. त्या घरात तोवर आत्याबाईंचं असं काहीच नव्हतं. ट्रंकसुद्धा मामंजींची जुनी, त्यांच्या नावाची आद्याक्षरं असलेली. आता पहिल्यांदा कोणीतरी त्यांना 'तुझा' असं म्हणत होतं, आणि त्या लाजत होत्या. मला ते बघायला फार आवडे.

सासूबाईंनीही हे बघितलं, पण त्यांच्या डोक्यात दुसरंच शिजत होतं. एके दिवशी त्यांनी जाहीर केलं की पिल्लाचं बारसं करायचं.

"बिबट्याचं?" मामंजींनी वर्तमानपत्र खाली केलं.

"रिकामा पाळणा हलवायचा नसतो, आणि भरायला आपल्याकडे काही नाही," सासूबाई माझ्याकडे न बघता म्हणाल्या. न बघता बघण्यात त्यांचा हात कोणी धरला नसता. "तान्हं आयतं घरात आलंय. एकदा पाळणा हलला की मागोमाग खरा हलतो."

मामंजी लॅटिन शिकलेले गृहस्थ. त्यांनी क्षणभर विचार केला आणि म्हणाले, "करून बघायला हरकत नाही." म्हणजे माझ्या पोटी मूल यावं म्हणून बिबट्याचं बारसं. आमच्या ह्यांना मी रागानं विचारलं, तुम्हाला काहीच बोलायचं नाही का? ते म्हणाले, घुगऱ्या जरा जास्त करायला सांग, कचेरीत न्यायच्यात.

बारसं करायचं तर ते रीतीनं. तान्ह्याला तोवर नवं कापड घालायचं नाही, ही पहिली रीत. एखाद्या धडधाकट, जगल्या-वाचलेल्या मुलाचं जुनं दुपटं मागून आणायचं, म्हणजे त्याचं आयुष्य याला लागतं. सासूबाईंनी वाडीत शब्द टाकून पाहिला. पण आपल्या बाळाचं दुपटं जनावराला द्यायला कुठली आई तयार होणार? मग सासूबाईंनी तोड काढली. जनावराला जनावराचं.

त्या भाद्रपदात वाडीतल्या मांजरांत मर लागली होती. बोके, भाट्या, पिल्लं, ओकून आणि जुलाब होऊन पटापट गेली. आमच्या जिन्याखाली व्यालेल्या मांजरीची सगळी पिल्लं अशीच गेली. एक भुरकं तेवढं हाडं वर येईपर्यंत खंगलं आणि परत उभं राहिलं. सासूबाईंच्या लेखी ते साक्षात चिरंजीव. ते आजारपणात ज्या फाटक्या दुपट्यावर पडून होतं, ते त्यांनी जिन्याखालून काढवलं. रिठ्यानं धुववलं, उन्हात वाळवलं, ओवा-वेखंडाची धुरी दिली.

आत्याबाई म्हणाल्या, "वहिनी, नको. आजाऱ्याचं आहे ते."

"आजाऱ्याचं नाही, वाचलेल्याचं आहे," सासूबाई म्हणाल्या. "यमानं दारातून परत पाठवलेल्याचं अंथरूण आहे. तुम्हाला यातलं काय कळणार?"

बारशाला बायका अशा लोटल्या की माणसाच्या बारशाला कधी लोटल्या नव्हत्या. शालू, नथी, चंद्रहार. समितीतल्या दोघींनी तर केसांत झेंडूची फुलं माळली होती, बहुधा बारसं आणि सभा एकातच उरकावी म्हणून. पाळणा ओटीवरच्या कडीला टांगला. आत ते दुपटं अंथरलं. नाव ठेवायचा मान आत्याचा असतो. घरात आत्या नावाचं माणूस होतं, पण ते दाराआड उभं होतं. तेव्हा दिरांची बहीण, म्हणजे माझी नणंद, हिला दादरहून मुद्दाम बोलावून पिल्लाची आत्या केलं. ती बिचारी झुरळाला भिणारी. आता तिनं बिबट्याच्या कानाशी तोंड न्यायचं होतं.

पाळणा म्हणून झाला. पिल्लू पाळण्याखालून एकीनं द्यायचं आणि वरून दुसरीनं घ्यायचं, ही रीत. दोनदा नीट झालं. तिसऱ्यांदा घेणारीनं हात आखडले. पिल्लू लटकलं, फिस्कारलं आणि समोर सापडलेल्या शालूवरून वर चढायला लागलं. शालू माझ्या नणंदेचा होता. तिनं जी किंकाळी फोडली ती ऐकून वाडीतल्या पोरांना वाटलं, पोलीस आले. बायका पाटांवर चढल्या, घुगऱ्यांचं ताट उपडं झालं, आणि पिल्लू त्या गदारोळातून सुटलं ते थेट स्वयंपाकघराच्या दारात, आत्याबाईंच्या पायांशी.

त्यांनी त्याला उचललं. ते थरथरत होतं. त्यांनी पदराखाली घेतलं, पाठीवरून हात फिरवला, आणि मग सगळ्या बायकांदेखत त्याच्या कानाशी वाकून ठरलेलं नाव सांगितलं. नाव सांगणारी आत्या मिळाली होती, पिल्लू शांत झालं होतं, बारसं रीतसर पुरं झालं होतं. पण टाळ्या कोणी वाजवल्या नाहीत.

"झालं," सासूबाई म्हणाल्या. "आता जे व्हायचं ते होणार."

आठवडाही गेला नसेल. एका सकाळी पिल्लानं दूध घेतलं नाही. बोंबील पुढे केला तर तोंड फिरवलं. दुपारपर्यंत पिवळा फेस ओकलं. पाण्याच्या ताटलीपाशी जाऊन बसे, मान ताटलीवर लोंबती ठेवी, आणि एक थेंबही पीत नसे. तहान होती, पिता येत नव्हतं. आत्याबाई शेजारी बसून ओल्या बोटानं त्याचे ओठ भिजवत होत्या.

सासूबाईंनी उपाय सुरू केले. मीठमोहऱ्या ओवाळल्या, मारुतीला तेल घातलं, उंबऱ्यावर लिंबू कापलं. प्रत्येक उपायाची सुरुवात एकच: "तुम्ही आधी त्याला हात लावू नका." आत्याबाई उठून बाजूला होत. पण पिल्लू दुसऱ्या कोणाला ओठही भिजवू देत नसे, मग त्यांनाच परत बोलवावं लागे. असं दिवसभर चाललं. घरात आता एकच हिशोब होता आणि तो सगळ्यांना कळत होता. पिल्लू जगलं तर प्रश्न मिटला. मेलं, तर आत्याबाईंच्या पायांवर दुसरा जीव.

मला राहवलं नाही. मी म्हटलं, "सासूबाई, भाद्रपदात वाडीतली मांजरं मेली. त्यांना कोणत्या विधवेनं हात लावला होता?"

"जीभ चालते तशी कूस चालली असती तर," सासूबाई म्हणाल्या, "माझ्यावर जनावरांची बारशी करायची वेळ आली नसती."

मी उठून विहिरीवर गेले. आजही ते वाक्य आठवलं की माझे कान तापतात, आणि त्याला तेव्हा उत्तर सुचलं नाही याचा राग येतो. आता सुचतात, पण ऐकायला सासूबाई नाहीत.

दिरांना परळहून गुरांचा डॉक्टर आणायला पाठवलं. नेमका हरताळ. ट्रामा बंद, दुकानं बंद, नाक्यानाक्यावर पोलिसांच्या गाड्या. बिबटीण मारणारा आमचा वीर ठाकूरद्वारच्या नाक्यापर्यंत गेला, एका हवालदाराची काठी लांबून बघितली आणि परत आला. "वातावरण तंग आहे," म्हणाला. दुसऱ्या दिवशी आत्याबाईंनी त्यांच्यापुढे चक्क हात जोडले, तेव्हा कुठे खाकी कपडे उतरवून, धोतर नेसून ते परळपर्यंत चालत गेले.

डॉक्टर लालबागचा, नुकताच पास झालेला. अंगावर अर्ध्या बाह्यांचा सदरा आणि चेहऱ्यावर आपण कोणीतरी आहोत हा भाव. ओटीवर त्यानं मामंजींना आधी सांगितलं की गिरणीमालकांच्या शर्यतीच्या घोड्यांना तो तपासतो. मग पिल्लू समोर आलं, त्यानं मान उचलली, आणि डॉक्टर खुर्चीसकट मागे सरकला.

"चावता काय ओ?" त्याच्या तोंडून मालवणी निसटली.

"त्याला मान धरवत नाही, चावतोय कसला," आत्याबाई म्हणाल्या. "तुम्ही बघा हो नीट."

त्यानं बघितलं. ताप घेतला, पोट चाचपलं, हिरड्या बघितल्या. मग पिशवीतून एक जाडजूड पुस्तक काढून न लाजता पानं उलटायला लागला. त्या घरात पुस्तकं पुष्कळ होती, पण अडल्यावर ती उघडायची असतात हे मी पहिल्यांदाच बघत होते.

"इथे अलीकडे मांजरं मेली काय?" त्यानं विचारलं.

आम्ही सांगितलं. मग त्यानं विचारलं, पिल्लू झोपतं कशावर? मी पाळण्यातलं दुपटं आणून दाखवलं, आणि ते कुठून आलं, का आलं, तेही सांगितलं. डॉक्टर ऐकता ऐकता हसायला लागला, आणि आत्याबाईंचा चेहरा बघून थांबला.

"हा मांजरांचा रोग," तो म्हणाला. "वाघ, बिबटे हीपण मोठी मांजरंच, त्यांनाही तोच होतो. व्हायरस म्हणतात. जंतूंपेक्षाही बारीक, आमच्या सूक्ष्मदर्शकातसुद्धा दिसत नाही. वाचलेलं जनावर बरं दिसतं, पण कितीतरी दिवस ते रोग बाहेर टाकत असतं. कपड्याला लागला की महिनोन्‌महिने तिथं टिकतो. रिठ्यानं जात नाही, उन्हानं जात नाही."

"धुरीनं?" आतून सासूबाईंचा आवाज आला.

"धुरीनं तर खोकलासुद्धा जात नाही, बाई."

मामंजींनी रोगाचं इंग्रजी नाव विचारून घेतलं. ते लांबलचक होतं. ते ऐकल्यावर त्यांना अर्धा रोग बरा झाल्यासारखं वाटलं. संध्याकाळी ओटीवर येणाऱ्या प्रत्येकाला त्यांनी ते नाव उच्चारून दाखवलं. डॉक्टरनं मात्र आम्हाला फसवलं नाही. यावर औषध नाही, म्हणाला. पिल्लाच्या कातडीखाली मिठा-साखरेचं पाणी टोचलं, एक पेनिसिलिन दिलं, दुपटं आणि पाळण्यातली गादी जाळा म्हणून सांगितलं आणि गेला.

पिल्लू दुसऱ्या दिवशी दुपारी गेलं. आत्याबाईंच्या मांडीवर होतं. शेवटी अंग गार पडत चाललं तेव्हा त्या त्याला सारख्या पदरात गुंडाळत होत्या. गेल्यावरही बराच वेळ त्यांनी पदर काढला नाही. मी जवळ बसले होते. मला रडू आलं. त्या रडल्या नाहीत. त्यांचे डोळे दारात उभ्या असलेल्या सासूबाईंवर होते.

समितीचे कार्यकर्ते लगेच हजर. त्यांतल्या एकाचं म्हणणं, वाघ हरताळाच्या दिवसांत गेला आहे, तर सभेत त्याचा ठराव व्हायला हवा, आणि डॉक्टरला यायला उशीर झाला तो पोलिसांमुळे हेही त्यात यावं. मी त्याला म्हटलं, "बाहेर माणसं गोळ्या खाऊन पडलीत. त्यांची तरी लाज धरा." तो निमूट गेला. त्यांच्यात लाज धरणारे होते हे मला कबूल केलं पाहिजे; आमच्या ओटीवर ते प्रमाण कमी होतं.

कारण दुसऱ्या सकाळी बायका समाचाराला आल्या. बारशाच्याच बायका, या खेपेला दागिन्यांशिवाय. सासूबाई मध्ये बसल्या आणि सांगू लागल्या. डॉक्टरचं सगळं बोलणं त्यांनी या कानानं ऐकून त्या कानानं सोडलं होतं.

"मी सांगत होते, हात लावू देऊ नका. भरल्या बारशात कानात नाव सांगितलं हो. जिथं हात लागेल तिथं हे असं. आता आमच्या सुनेचं काय व्हायचं ते देव जाणे."

बायका चुकचुकल्या. दुपटं देणारी मध्ये बसून बोलत होती आणि पाजणारी दाराआड उभी राहून ऐकत होती. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच. मी तोंड उघडणार, तोच डॉक्टर दारात आला. दुपटं जाळलं की नाही हे बघायला, आणि दिरांनी परवानगी दिली तर पिल्लू चिरफाडीसाठी न्यायला.

तो आत पाऊल ठेवतो तोच आत्याबाई दाराआडून बाहेर आल्या. सगळ्या बायकांच्या मधून चालत त्याच्यापुढे जाऊन उभ्या राहिल्या. तीन वर्षांत मी त्यांना चारचौघींत असं आलेलं पाहिलं नव्हतं.

"डॉक्टर, एक विचारू? माणसांचे रोगसुद्धा असे असतात? अंथरुणातून, न दिसता येणारे?"

"असतात की."

"देवी?"

"देवी म्हणजे व्हायरसच," डॉक्टर म्हणाला. "रोग्याच्या खपल्या पांघरुणाला चिकटतात. ते दुसऱ्यानं घेतलं की त्याला होतो. म्हणून तर देवीच्या रोग्याचे कपडे जाळतात. का? कोणाला आल्यात काय?"

 आत्याबाई अगदी साध्या आवाजात म्हणाल्या:

"आमच्या सासरी थोरल्या दिरांना देवी आल्या होत्या. ते वाचले. मग सासूबाईंनी त्यांची दुलई ह्यांच्या अंगावर घातली. वाचलेल्याची आहे म्हणाल्या, आयुष्य लागेल. मी म्हटलं, तिला खपल्या लागल्यात. मला थोबाडीत बसली." त्या माझ्या सासूबाईंकडे वळल्या. "मग ते गेले ते त्या दुलईनं गेले, वहिनी. माझ्या पायानं नाही."

 सासूबाईंनी पदर सावरला.

"गुरांचा डॉक्टर तो," त्या म्हणाल्या. "माणसांतलं त्याला काय कळतंय?"

"माणसांचे डॉक्टर या घरात पन्नास वर्षं येताहेत," आत्याबाई म्हणाल्या. "त्यांतल्या एकाशी तरी मला बोलू दिलंत?"

आणि त्या तिथंच, ओटीवर, चार बायकांच्या मध्ये खाली बसल्या आणि रडायला लागल्या. मोठ्यानं, पदर तोंडाला न लावता. बायकांना वाटलं, पिल्लासाठी रडताहेत. एक म्हणालीही, असू दे हो, जनावरच ते.

"चौदा वर्षांचे होते," आत्याबाई म्हणाल्या. "मागल्या परसातल्या चिंचा पाडून द्यायचे मला. कोणी बघत नाही असं बघून."

मी त्यांच्याजवळ जाऊन बसले. तेव्हा मला उमगलं, की या बाईला नवऱ्यासाठी आजवर रडताच आलं नव्हतं. जिनं नवऱ्याला खाल्लं असं सगळे म्हणतात, आणि जिला स्वतःलाही तसंच वाटतं, ती कोणत्या तोंडानं रडणार? त्या दिवशी दिवेलागणीपर्यंत त्या रडत होत्या, आणि त्यांना गप्प बसा म्हणायला घरातलं कोणी धजलं नाही.